वरचा हूक

पहिल्या तपासणीला मी नीट आवरून गेले होते.
डॉक्टरकडे जायचं तर केस विंचरून, धुतलेली साडी नेसून,
आईनं तसंच शिकवलेलं.
केतकीनं ब्लाउजचे हूक लावले, पदराला पिन लावली,
आणि डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं,
स्वतः तयार होता का?
मी लाजून हो म्हटलं.
तेवढ्या एका होकाराचे
अडतीस टक्के झाले.
पेन्शनला चाळीस लागतात.

दोन टक्के म्हणजे केवढे, ते मी शोधत बसते.
अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात एक फट राहते,
पूर्वी तिथं सुई असायची.
रावपुऱ्यातल्या दुकानासाठी मी चणिया-चोळ्यांना आभले टाचायचे,
एका घेराला चारशे. नवरात्राआधी रात्रीचे दोन-दोन वाजत.
पोरी गरब्यात गिरकी घ्यायच्या
आणि माझे टाके लखलखायचे, कुणाला पत्ता नसायचा.
मग एका श्रावणी सोमवारी सुई खाली पडली.
पडलेली दिसली. उचलावी असं मला वाटलं,
हाताला वाटलं नाही.

अपील केलं. जांभळ्या शिक्क्याची पावती मिळाली,
तीवर घोरपडेचं घोडपडे झालंय.
कचेरीत पंड्याभाई सांगतात, "फाइल उपर गई छे, बेन."
वर म्हणजे कुठं? कचेरीला एकच मजला.
मी पंख्याकडे बघते.
"आवता महिने."
अधिक महिनासुद्धा तीन वर्षांनी का होईना येतो,
पंड्याभाईंचा आवता महिना पंचांगातच नाही.
माणूस वाईट नाही पण.
पाण्याचा पेला माझ्या डाव्या हाताशी ठेवतो.
तेवढं बोर्डाला दिसलं नव्हतं.

एकोणीस महिने.
दोन नवरात्रं, केतकीचं बाळंतपण,
दूधवाल्याची तिसरी वही.
माझ्या कुड्या सोनाराकडे राहायला गेल्या.
आणि थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं कसं,
म्हणून फिजिओच्या पोरानं दिलेला पिवळा चेंडू
दाबत राहिले, रोज शंभरदा, कुकरची शिट्टी होईपर्यंत.
चेंडू मऊ पडला. बोटं नाही.
मग एके दिवशी बोटंही, जराशी.

कुणाला सांगितलं नाही.
चोरी केल्यासारखं वाटलं.

जशोदाबेन म्हणाल्या, बोर्डापुढं हात लोंबता ठेवा,
केस विंचरू नका.
वकिलाच्या कारकुनानंही तेच सांगितलं, पन्नास रुपये घेऊन.
रात्री आरशापुढं सराव केला,
असा लोंबता, असा थरथरता.
जन्मभर हात चांगला चालवायला शिकले,
आता वाईट चालवायला शिकत होते,
आणि तेही धड जमेना.

कागद आला. मंगळवार, साडेदहा, सयाजी हॉस्पिटल.

पहाटे केतकी बाळाला कुशीत घेऊन झोपलेली.
रात्रभर जागली होती, उठवावंसं वाटेना.
खालचा हूक मी लावला. दुसरा.
तिसऱ्याला घाम फुटला.
वरचा तीनदा निसटला,
चौथ्यांदा दातांत पदर धरून
लागला.

म्हणजे आता सदतीस? पस्तीस?
पलंगाच्या काठावर बसले, बोट हुकावर.
काढायला क्षणभरही लागला नसता.
बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

केस विंचरले. भांगही सरळ आला, मेला.

विचारतील, स्वतः तयार होता का.
हो म्हणेन.
एका हुकाला पाव तास लागतो, साहेब.
एवढं लिहायला तुमच्या कागदावर जागा आहे का, बघा.
मी थांबते.